आमच्या खालांची हजयात्रा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या मंडळात दरवर्षी वर्धापनदिनाला कोणीतरी आपल्या यात्रेची हकीकत सांगते. मागे काशीची झाली, चारधामाची झाली. यंदा चिटणीसबाईंनी माझे नाव घातले तेव्हा मी म्हणाले, "बाई, मी तुळजापूर, पंढरपूर आणि गाणगापूर यांच्यापलीकडे गेलेली नाही. शिक्षण माझे सातवीपर्यंत. मी काय सांगणार?" त्या म्हणाल्या, "स्वतःची नसेल तर दुसऱ्याची सांग."

म्हणून मी आमच्या शेजारच्या खालांच्या हजयात्रेविषयी बोलणार आहे. ही यात्रा मी पाहिलेली नाही व पाहूही शकत नाही, कारण मक्का शहरात मुसलमान नसलेल्यांना प्रवेश नाही. जे सांगेन ते सर्व दोन घरांच्या मधल्या भिंतीवर कोपर टेकून ऐकलेले आहे. खालांनाच बोलायला सांगा, असे मी चिटणीसबाईंना सुचवले होते, परंतु खाला म्हणाल्या, "तू बोल, मी चुका काढते." त्या तिसऱ्या रांगेत बसल्या आहेत.

खालांचे यजमान, आमचे चाचा, यंत्रमागावर होते. चादरी आणि टॉवेल यांत त्यांचा जन्म गेला. खाला घरी बसून टॉवेलांच्या कडा शिवत. हज करायचा तो आपल्या कष्टाच्या पैशांतून, कोणाचे देणे बुडवून नव्हे, आणि ज्याची ऐपत नाही त्याच्यावर तो फर्ज नाही, असे त्यांच्या धर्मात आहे. तेव्हा या दोघांनी भिशीतून, शिवणातून, ईदच्या कपड्यांतून असे अठरा वर्षे पैसे बाजूला टाकले. दोनदा अर्ज केला, दोनदा सोडतीत नाव आले नाही. २०२० साली आले. घरात मिठाई वाटली. आणि मार्च महिन्यात करोनामुळे सगळे बंद झाले. त्या वर्षी व पुढच्याही वर्षी परदेशातून एकाही यात्रेकरूला तिकडे येऊ दिले नाही. भरलेले पैसे परत मिळाले. पण माग बंद, हाताला काम नाही, त्यांतले बरेच पोटाला लागले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत चाचाच गेले.

आता खालांना कोण नेणार? पूर्वी बाईमाणसाला हजला जायचे तर नवरा, बाप, भाऊ, मुलगा असा कोणीतरी बरोबर लागे. त्याला ते मेहरम म्हणतात. खालांना दोन मुलगे आहेत, पण दोघांचे भाडे कोठून आणायचे? २०१८ पासून मात्र आपल्या देशात पंचेचाळीस वर्षांवरील बायकांना चार-चार जणींच्या गटाने मेहरमाशिवाय जाण्याची परवानगी मिळाली. २०२३ साली अशा चार हजारांहून अधिक बायका भारतातून गेल्या. त्यांत आमच्या खाला एक. राहिलेले पैसे त्यांनी पुन्हा कडा शिवून भरून काढले.

आता एक गोष्ट सांगणे भाग आहे. ती गाळली तर पुढचे समजणार नाही.

आमच्या गल्लीत नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येते हे तुम्हांला सांगायला नको. २०२२ च्या उन्हाळ्यात ते रात्री दोनला येई. आमच्या टाकीत चार बादल्यांपुढे पाणी चढेना. खालांच्या घरी मोटार होती. मला खात्रीच पटली की आमचे पाणी हीच बाई ओढते. एका रात्री मी भिंतीपाशी जाऊन आवाज चढवला. चाचा जाऊन वर्ष होत आले होते. मी म्हणाले, "नवरा गेला तरी तुमची हाव गेली नाही."

भगिनींनो, हे वाक्य मी बोलले. झोपमोड झाली होती, घरात पाणी नव्हते, हे सगळे खरे. पण बोलले ते मीच. खाला काही बोलल्या नाहीत. त्यांनी मोटार बंद केली व दिवा मालवला. त्यानंतर वर्षभर आमच्यात शब्द नव्हता. संक्रांतीचा तिळगूळ गेला नाही, ईदचा शीरखुर्मा आला नाही.

पुढे दिवाळीत आम्ही नळाचे काम करणारा माणूस बोलावला. त्याने अंगण खणले, तर आमचाच नळ जमिनीत फुटलेला. रात्रीचे निम्मे पाणी आमच्याच पेरूच्या मुळाशी मुरत होते. त्या साली पेरू फार गोड आले होते, त्याचे कारण तेव्हा कळले. मी नळ दुरुस्त करून घेतला आणि गप्प बसले.

हजला निघण्यापूर्वी त्यांच्यात एक रीत आहे. ज्याचे देणे असेल ते द्यायचे, ज्याला दुखावले असेल त्याच्या दारी जाऊन माफी मागायची. पूर्वी लोक जहाजाने जात तेव्हा याला फार अर्थ होता, कारण परत येण्याची खात्री नसे. खालांचे आजेसासरे असेच मुंबईहून जहाजाने गेले होते. आठदहा दिवस नुसता समुद्र, बरोबर डाळ-तांदूळ, आणि ट्रंकेच्या तळाशी स्वतःचे कफन. मोगल लाईन कंपनीची जहाजे ही ने-आण करीत. १९५९ साली रिझर्व्ह बँकेने हजयात्रेकरूंसाठी दहा व शंभर रुपयांच्या वेगळ्या नोटा काढल्या होत्या. मुंबईहून सुटणारी जहाजे १९९५ साली बंद झाली. आता सगळे विमानाने जातात. माझ्या मुलीने एक माहिती वाचून दाखवली, ती मला फार आवडली. भोपाळच्या नवाब सिकंदर बेगम १८६३ साली मुंबईहून जहाजाने हजला निघाल्या, आणि परत आल्यावर यात्रेची हकीकत त्यांनी स्वतः लिहिली. राज्य चालवणारी बाई. जेद्द्याच्या रस्त्यांत घाण दिसली तर तीही लिहून ठेवली. यात्रा म्हणून गोडगोडच लिहिले पाहिजे असे तिला वाटले नाही.

असो. सांगत होते ती माफीची गोष्ट. जूनच्या पहिल्या आठवड्यात, दुपारी, खाला आमच्या दारात उभ्या राहिल्या. वर्षानंतर प्रथमच. डोक्यावर पांढरी ओढणी, हातात काही नाही. त्या म्हणाल्या, "पोरी, मी निघाले. कहासुना माफ कर. मोटारीचं पाणी तुझ्याकडचं आलं असेल तर तेपण माफ कर."

माझ्या मनात आले की सांगावे, खाला, नळ आमचाच फुटला होता. तोंडापर्यंत आले. आणि मी काय म्हणाले? "केले माफ." जशी काही मीच दान करीत होते. खालांनी माझ्या गालाला हात लावला आणि पुढच्या घरी गेल्या. त्या रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसला त्यांना पोचवायला निम्मी गल्ली स्टेशनवर गेली होती. मी गेले नाही. डोके दुखते म्हणून सांगितले.

खाला तिकडे चाळीस दिवस होत्या. सूनबाईंचा फोन आला-गेला की भिंतीपलीकडून मला ऐकू येई. बाकीचे परत आल्यावर त्यांनी सांगितले.

मक्केत पहिल्यांदा काबा दिसतो तेव्हा मागावे ते मिळते, असे लोक मानतात. म्हणून काय मागायचे ते खालांनी पाठ करून नेले होते. पण डोळे उचलून पाहिले आणि पहिले लक्ष गेले ते कापडावर! काबा म्हणजे दगडी चौकोनी इमारत, दोन पुरुष एकावर एक उभे केले तर त्याच्या तिप्पट-चौपट उंच, आणि तिच्यावर काळ्या रेशमाचे आच्छादन, त्याला किस्वा म्हणतात. मक्केतच त्याचा कारखाना आहे. सुमारे ६७० किलो रेशीम लागते आणि सोन्याच्या तारेने त्यावर अक्षरे काढतात. जन्मभर मागाच्या खटखटाटात काढलेली बाई. खाला म्हणाल्या, "मी वीण बघत उभी राहिले गं. जरीचा ताण बघितला. मनात म्हटलं, हे असते तर हात लावून बघितले असते. मग मागायचं आठवलं, तर सगळं विसरलेले." त्यांनी तिथे काहीच मागितले नाही. त्याचे त्यांना वाईटही वाटले नाही.

काब्याभोवती सात फेरे घालतात. आपण प्रदक्षिणा घालताना देव उजव्या हाताला ठेवतो, ते काबा डाव्या हाताला ठेवतात. पुरुषांच्या अंगावर न शिवलेली दोन पांढरी वस्त्रे. बायकांचे कपडे नेहमीचेच, अंगभर, पण चेहऱ्यावर बुरख्याचा पडदा घ्यायचा नाही. मला वाटत होते याच्या उलट असेल. गर्दी अशी की पाय उचलला तर ठेवायला जागा शोधावी लागते. खाला म्हणाल्या, गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वज निघतात तेव्हाची गर्दी आठव, आणि तिला आवाज नाही असे समज. म्हणजे आवाज होता, पण प्रत्येक जण आपल्यापुरता बोलत होता.

आणि आता मला जे सांगायचे आहे ते. फेरे झाल्यावर सफा आणि मरवा अशा दोन टेकड्यांच्या मध्ये सात वेळा जावे लागते. आता तिथे टेकड्या नावापुरत्या राहिल्या आहेत. वर छप्पर, खाली संगमरवर. एका टोकापासून दुसरे सुमारे साडेचारशे मीटर, म्हणजे सात वेळांचे मिळून तीन किलोमीटरांहून जास्त. हे चालणे कशासाठी? तर एका बाईच्या आठवणीसाठी.

तिचे नाव हाजरा. हजरत इब्राहीम यांनी तिला आणि तिच्या अंगावर पिणाऱ्या बाळाला, इस्माईलला, त्या ओसाड खोऱ्यात आणून सोडले. थोडे खजूर आणि एक पखाल पाणी. ते परत फिरले तेव्हा ती मागे धावली व विचारू लागली, आम्हांला इथे कोणाच्या भरवशावर सोडता? ते उत्तर देईनात. शेवटी तिने विचारले, ही देवाची आज्ञा आहे का? ते हो म्हणाले. मग ती म्हणाली, असे असेल तर तो आम्हांला मरू देणार नाही. आणि परत फिरली. पुढे पखाल संपली. दूध आटले. बाळ तडफडू लागले. ते पाहवेना म्हणून ती सफाच्या टेकडीवर चढली, कोणी दिसते का पाहिले, उतरून खोऱ्यातून धावली, मरवावर चढली. असे सात वेळा. आणि मग बाळापाशी जमिनीतून पाणी वर आले. तोच जमजम. ते वाहून जाऊ नये म्हणून तिने हातांनी माती लोटून बांध घातला.

मला तरी यात चमत्कारापेक्षा ते धावणे मोठे वाटते. देव मरू देणार नाही असे म्हणून ती बसून राहिली नाही. आपल्या सोलापूर जिल्ह्यात १९७२ च्या दुष्काळात माझी आजी दोन घागरी घेऊन कोसभर जात असे, हे मी लहानपणापासून ऐकले आहे. तिच्याही डोक्यात तेव्हा काही निराळे नसणार.

आणि ऐका. त्या वाटेवर मध्ये हिरव्या दिव्यांचा एक पट्टा आहे. जिथे खोलगट असल्यामुळे बाळ दिसेनासे होई आणि हाजरा धावे, ती ती जागा. तिथे आजही धावतात, पण पुरुष! बायकांना धावणे सांगितलेले नाही, त्यांनी साधे चालावे. खाला म्हणाल्या, "मोठमोठे दाढीवाले, कोण कुठल्या देशाचे, चाकाच्या खुर्चीवर बाप बसवून ढकलणारे, सगळे एका बाईसारखं धावत होते. मी आपली चालत होते. सातव्या खेपेला गुडघा इतका दुखला की कठड्याला धरून उभी राहिले, आणि मला चाचा नाही, तूच आठवलीस. रात्री दोनला बादली घेऊन उभी."

हे त्यांनी मला सांगितले तेव्हा माझ्याने वर बघवले नाही.

हाजरेच्या गोष्टीचा शेवट पुष्कळांना ठाऊक नसतो. पाण्यावर पक्षी घिरट्या घालताना पाहून जुरहुम नावाची टोळी तिथे आली. त्यांनी तिला विचारले, आम्ही इथे राहू का? ती म्हणाली, राहा, पण पाण्यावर हक्क तुमचा नाही. ते कबूल झाले. असे ते गाव वसले. म्हणजे मक्का शहर वसले ते एका एकट्या बाईच्या परवानगीने, आणि पाण्याची मालकी तिने सोडली नाही. नगरपालिकेच्या दारी हंडे घेऊन बसणाऱ्या आपल्या बायकांना ही गोष्ट सांगायला हवी.

त्या वर्षीचा योग पाहा. २७ जूनला खाला अरफातच्या मैदानात होत्या आणि २९ तारखेला आपल्याकडे आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आल्या. महाराष्ट्रात कितीतरी गावी मुसलमान बांधवांनी एकादशीला कुर्बानी न करता ती पुढे ढकलली. त्याआधी शेगावची पालखी सोलापुरात आली तेव्हा खालांचे मुलगे आमच्याबरोबर वारकऱ्यांना पाणी वाटत होते. मी मात्र त्यांच्या डोळ्याला डोळा देत नव्हते.

अरफात हा हजचा गाभा. तो चुकला तर हज झाला नाही. तिथे काही बघायचे नसते, काही वाहायचे नसते. दुपारपासून सूर्य मावळेपर्यंत उघड्या मैदानात थांबायचे आणि आपल्या चुकांची क्षमा मागायची. ऊन असे की आपला वैशाख बरा. पुढच्याच वर्षी, २०२४ साली, तिथल्या उष्म्याने तेराशेहून अधिक माणसे दगावली. त्यांतली बहुतेक रीतसर परवान्याशिवाय गेलेली, म्हणजे ज्यांना तंबूची सावली नव्हती अशी गरीब माणसे. खाला म्हणतात, तिथे पहिला तास मागण्यात गेला. मुलांचे, नातवंडांचे, गल्लीतल्या सगळ्यांचे. दुसऱ्या तासाला मागण्यासारखे संपले. मग स्वतःचे आठवू लागले. चाचांशी बोललेले कठोर शब्द, सासूला एकदा उपाशी झोपवले ते. "ते संपेचना गं. सूर्य मावळला तरी संपलं नव्हतं." त्यांना मी विचारले, मग हलके वाटले का? त्या म्हणाल्या, "हलकं नाही. धुतल्यासारखं. धुतलं की अंग जरा दुखतंच."

रात्र मुजदलिफाला, उघड्या आभाळाखाली, दगडांवर. तिथे हरभऱ्याएवढे खडे वेचायचे, ते दुसऱ्या दिवशी मिनाला सैतानाच्या खांबांना मारायचे असतात. खालांनी सोलापुरी चादर नेली होती, चाचांच्या हातची. ती अंथरली, तर शेजारी इंडोनेशियाची एक बाई नुसत्या दगडावर. भाषा कळेना. खालांनी चादर अर्धी तिच्याकडे सरकवली. त्या बाईने झोपण्यापूर्वी चादरीवरून हात फिरवला आणि अंगठा वर करून दाखवला. चाचांच्या चादरीला मिळालेली ती शाबासकी खाला अजून सांगतात. काब्याचे सांगताना त्यांचा आवाज इतका बदलत नाही.

मदिना तिथून साडेचारशे किलोमीटर. हजमध्ये तिथे जाणे सक्तीचे नाही, पण आपल्याकडची माणसे गेल्याशिवाय राहत नाहीत, कारण पैगंबरसाहेबांची कबर तिथे आहे. मक्केत धाक वाटतो आणि मदिनेत माहेर वाटते, असे खाला म्हणाल्या. गल्लीतल्या ज्यांनी ज्यांनी सलाम सांगितला होता तो नावे घेऊन पोचवला. यापुढे त्या फारसे सांगत नाहीत.

जुलै संपता संपता त्या आल्या. विमानतळावर प्रत्येकाला पाच लिटर जमजमचा डबा मिळतो. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरून हाक आली. मी गेले तर खजुराची पुडी आणि स्टीलच्या छोट्या फुलपात्रात पाणी. मी ते हातात घेतले नाही. म्हणाले, "खाला, आधी ऐका. नळ आमचाच फुटला होता. मला दिवाळीपासून ठाऊक होते. तुम्ही माफी मागायला आलात तेव्हाही ठाऊक होते."

खाला म्हणाल्या, "मलापण ठाऊक होतं. तो खणणारा पोरगा फावडं माझ्याकडूनच घेऊन गेला होता."

"मग माझी माफी कशाला मागितलीत?"

"चूक कोणाची ते ठरवत बसले असते तर गाडी चुकली असती."

ते दुसरे वाक्य, चाचांवरून बोललेले, त्याचे मी काही म्हणू शकले नाही. त्यांनीही विचारले नाही. त्यांनी फुलपात्र पुढे केले. उभ्याने, तीन घोटांत, असे प्यायचे असते. प्याले. आता खरे सांगते, मला वाटले होते काही अमृतासारखे लागेल. तर चव आपल्या बोअरच्या पाण्यासारखी, जराशी खारट. मी तसे बोलून गेले. खालांनी इकडेतिकडे पाहिले आणि हळूच म्हणाल्या, "मलापण तसंच लागलं. पण कोणाला सांगू नको."

आता सांगून टाकले. खाला, तेही माफ करा, आणि ते दुसरेही.